लांडग्याच्या विष्ठेतले हलणारे दाणे

प्रश्न : डॉक्टर, मी हौसेने वन्यप्राण्यांचे फोटो काढतो. परवा माळावर लांडग्याची ताजी विष्ठा दिसली. केसांनी भरलेली होती आणि तिच्यावर तांदळाच्या दाण्यांएवढे पांढरे, चपटे तुकडे चक्क सरपटत होते. तो लांडगा आजारी असेल का? मित्र म्हणतो, मांसाच्या तुकड्यात जंताची गोळी घालून ठेवू. ठेवावी का? दाखवायला म्हणून थोडी विष्ठा डबीत भरून घरी आणली आहे.

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण ते वाचून मी चष्मा काढून पुन्हा लावला. ती डबी उघडू नका. फ्रिजमध्ये तर मुळीच ठेवू नका. थंडीने विष्ठेतली जंतांची अंडी मरतील असं वाटत असेल, तर घरच्या फ्रीजरमधली थंडी त्यांना पुरत नाही. प्रयोगशाळेत आम्ही असे नमुने उणे ८० अंशांना काही दिवस ठेवतो आणि मगच त्यांना हात लावतो. सॅनिटायझरचीही तीच गत, स्पिरिटला ही अंडी दाद देत नाहीत. हातमोजे घालून डबी आहे तशी खोल पुरा आणि नंतर साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात चोळून धुवा. साबणाने अंडी मरत नाहीत, पण हातावरून निघून जातात. तेवढं पुरे.

आता त्या दाण्यांविषयी. ते टीनिया जातीच्या पट्टकृमीचे सुटे झालेले खंड. आतड्यात अख्खा कृमी फितीसारखा लांब असतो. त्याच्या शेपटाकडचे पिकलेले खंड अंड्यांनी भरून तुटतात, बाहेर पडतात आणि थोडा वेळ स्वतःच सरपटत जातात. दिसायला किळसवाणे, पण मला धास्ती वाटते ती न दिसणाऱ्या भावंडाची. त्याचं नाव एकायनोकॉकस. पूर्ण वाढलेला कृमी जेमतेम ३ ते ७ मिलिमीटर, त्याला खंडही तीन-चारच, त्यामुळे विष्ठेत तो नुसत्या डोळ्यांना सापडणं कठीण. गंमत अशी, की मायक्रोस्कोपखाली टीनियाची आणि याची अंडी सारखीच दिसतात. इतकी वर्षं भिंगाला डोळा लावून मलाही ती वेगळी सांगता येत नाहीत. त्यासाठी डीएनए तपासावा लागतो. आणि हे अंडं माणसाच्या पोटात गेलं, तर यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेली गाठ वाढू लागते. हायडॅटिड म्हणतात तिला. कित्येक वर्षं ती काही त्रास देत नाही, म्हणून लवकर कळतही नाही.

लांडगा आजारी आहे का? बहुधा नाही. शिकत असताना वाहनाच्या धडकेने मेलेला एक नर आमच्या टेबलावर आला होता. केसांना चकाकी, मूत्रपिंडांभोवती छान चरबी. आतडं चिरून काळ्या ट्रेमध्ये पाण्यात पसरलं, तर आतल्या अस्तरावर पांढुरकी लव उगवल्यासारखी दिसली. ती लव नव्हती, एकायनोकॉकस होते. सर म्हणाले, "मोज." दोन हजारांच्या पुढे मी नाद सोडला. एवढे कृमी बाळगून तो प्राणी ठणठणीत होता!

यामागे हिशेब आहे. या कृमीची बाल्यावस्था सावजात जाते. गवताबरोबर अंडी हरणाच्या, मेंढीच्या पोटात जातात, तिथे गाठी होतात आणि लांडग्याने ते फुप्फुस किंवा यकृत खाल्लं की त्याच्या आतड्यात नवे कृमी तयार होतात. म्हणजे जंताला लांडगा जगायला हवा असतो, मरायला हवं असतं ते सावज. अमेरिकेत सुपीरियर सरोवरातल्या आइल रॉयल बेटावर १९५८ पासून लांडगे आणि मूस (हरणांच्या कुळातला थोराड प्राणी) यांचा अभ्यास चालू आहे. तिथल्या मूसच्या फुप्फुसांत अशा गाठी सापडतात. गाठींनी भरलेल्या फुप्फुसांचा मूस धावताना लवकर दमत असेल आणि तोच आधी हाती लागत असेल, असा अभ्यासकांना संशय आहे. मला तो पटतो.

सगळेच जंत असे समजूतदार नसतात, हेही सांगून ठेवते. डासांमधून येणारा हृदयकृमी वीतभराहून लांब वाढतो. हृदयाच्या उजव्या बाजूला आणि फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीत त्याचा गुंता झाला, की प्राणी धापा टाकू लागतो. उत्तर अमेरिकेतल्या कायोटींमध्ये, म्हणजे लांडग्याच्या छोट्या भाऊबंदांमध्ये, तो आढळतो.

आणि मित्राची गोळी? नको. ती कोण खाईल, किती खाईल, तुमच्या हातात काहीच नाही. शिवाय पुढच्याच शिकारीत कृमी परत येतात. युरोपात आणि जपानच्या होक्काइडो बेटावर लाल कोल्ह्यांसाठी प्राझिक्वांटेल हे पट्टकृमींवरचं औषध घातलेली आमिषं पद्धतशीर टाकून पाहिली आहेत, माणसांना धोका होता म्हणून. कृमींचं प्रमाण घटलं, पण आमिषं थांबली की पुन्हा वर चढलं. औषध द्यायचंच असेल तर स्वतःच्या कुत्र्याला वेळेवर द्या, आणि मेलेल्या जनावरांची आतडी-फुप्फुसं त्याच्या तोंडी लागू देऊ नका.

प्रश्न : आमच्या भागातल्या एका कोल्ह्याचे केस झडलेत, कातडी जाड झाली आहे. जंतांमुळे का?

उत्तर : बहुतेक खरूज. ती जंतांची नाही, कातडीत बिळं करणाऱ्या सूक्ष्म माइटची करामत. वनविभागाला कळवा, स्वतः पकडायला जाऊ नका.

प्रश्न : मी सातवीत आहे. कोल्ह्याची पिल्लं फक्त दूध पितात, तरी त्यांच्या पोटात जंत कसे?

उत्तर : शाब्बास, मोठी माणसंही हा प्रश्न विचारत नाहीत. ते जंत आईकडूनच येतात आणि तेही जन्माआधी. टॉक्सोकारा नावाच्या गोलकृमीच्या अळ्या आईच्या स्नायूंत झोपल्यासारख्या पडून असतात. ती गाभण राहिली, की शेवटच्या आठवड्यांत त्या जागं होऊन वारेतून, म्हणजे गर्भाला पोसणाऱ्या अवयवातून, पिल्लांच्या यकृतात शिरतात. जन्मानंतर यकृतातून फुप्फुसात, तिथून श्वासनलिकेत, खोकल्याबरोबर घशाशी आणि मग गिळल्या जाऊन आतड्यात! पिल्लू तीन-चार आठवड्यांचं होईतो तिथे शेवयांसारखे जंत तयार असतात. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं दिसतं ते त्यामुळे. मोठं होताना अंगात प्रतिकारशक्ती येते आणि बरेचसे जंत जातात. तोवर आई बीळ स्वच्छ राहावं म्हणून पिल्लांची विष्ठा चाटून खात असते, आणि काही जंत परत तिच्याच पोटात जातात.