एल्कच्या शिकारीची दुर्बीण: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी गेली सात वर्षे कोलोरॅडोत, डेन्व्हरला राहतो. हंटर एज्युकेशनचा, म्हणजे शिकारीच्या प्रशिक्षणाचा, अभ्यासक्रम पूर्ण करून यंदा ऑक्टोबरअखेरच्या रायफल-हंगामात प्रथमच एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला जाणार आहे. .30-06 या काडतुसाची रायफल वापरलेली, पण चांगल्या स्थितीतली मिळाली. तिच्यावर दुर्बीण मात्र नाही. दुकानदार 6-24×50 घ्या म्हणतो, बरोबर येणारे शेजारी 3-9×40 पुरे म्हणतात. बसवण्याच्या खर्चासह 600 डॉलर बाजूला ठेवले आहेत. कोणाचे ऐकावे? (एक वाचक, डेन्व्हर)

उत्तर: शेजाऱ्यांचे. दुर्बिणीच्या नावात तीन आकडे असतात. 3-9×40 म्हणजे प्रतिमा किमान 3 पट आणि कमाल 9 पट मोठी दिसणार आणि पुढच्या भिंगाचा व्यास 40 मिलिमीटर असणार. दुकानात नजर जाते ती मधल्या, मोठ्या आकड्यावर. एल्कच्या डोंगरात मात्र आधी पाहायचा असतो तो पहिला.

याचे कारण त्या प्राण्याच्या दिनक्रमात आहे. हंगाम सुरू होऊन माणसांची वर्दळ वाढली की एल्क दिवसभर स्प्रूस आणि फर या सूचिपर्णी झाडांच्या दाट राईत बसून राहतात आणि पहाटे व संध्याकाळी तेवढे कुरणाच्या कडेला येतात. त्यामुळे एकाच दिवसात दोन अगदी वेगळे प्रसंग येऊ शकतात: दरीपलीकडच्या उतारावर 300 यार्डांवर चरणारा कळप, किंवा राईतून चालताना चाळीस पावलांवर अचानक उभा ठाकलेला नर. दुसऱ्या प्रसंगी 6 पटींच्या खाली न येणारी दुर्बीण अडचणच करते. 3 पटींवर 100 यार्डांवरचा सुमारे 33 फूट रुंदीचा पट्टा दिसतो, 6 पटींवर जेमतेम 17 फुटांचा. माझ्या पहिल्या हंगामात मी झूम 9 वर ठेवूनच राईत शिरलो होतो. नर समोर आला, रायफल खांद्याला लावली आणि दुर्बिणीत दिसले ते फक्त तपकिरी केस. खांदा कुठला आणि मान कुठली हे उमगेपर्यंत तो निघून गेला. तेव्हापासून चालताना झूम सर्वांत खाली ठेवतो. दूरचे जनावर दिसल्यावर झूम वाढवायला बहुतेक वेळा अवधी मिळतो, जवळचे दिसल्यावर कमी करायला तो मिळत नाही.

उजेडाचा मुद्दा मला याहूनही महत्त्वाचा वाटतो. कोलोरॅडोत सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकार करता येते, आणि एल्क उघड्यावर सापडण्याची शक्यता सर्वाधिक असते ती नेमकी या दोन टोकांना. मंद उजेडात दुर्बीण कितपत उपयोगी पडेल हे साध्या भागाकाराने कळते: पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटींनी भागले की डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. 40 ला 9 ने भागल्यास 4.4 मिलिमीटर येतात आणि झूम 6 वर आणली तर 6.7. अंधारात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली सुमारे 7 मिलिमीटरपर्यंत उघडते आणि वयाबरोबर ती कमी उघडू लागते, तेव्हा एवढा झोत पुरेसा आहे. 50 ला 24 ने भागल्यास उरतात 2.1 मिलिमीटर, आणि तिन्हीसांजेला त्या झूमवर करड्या धुरकटपणापलीकडे फारसे काही दिसत नाही. झूम उतरवली की 50 मिलिमीटरचे भिंग अर्थातच उत्तम उजेड देते. पण मग 24 पटींसाठी पैसे मोजायचे आणि ओझे वाहायचे कशाला? शिवाय मोठे भिंग नळीला टेकू नये म्हणून दुर्बीण उंच बसवावी लागते आणि गाल दस्त्यावर नीट टेकत नाही.

त्यानंतर पाहायचा तो भिंगांवरील लेप. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे 4 टक्के प्रकाश परत फिरतो, आणि दुर्बिणीत असे पृष्ठभाग एक-दोन नसून बरेच असतात. चांगल्या बहुस्तरी लेपाने ही गळती दर पृष्ठभागामागे अर्ध्या टक्क्यापर्यंत किंवा त्याहूनही खाली येते. दोन दुर्बिणींची तुलना दुकानातल्या दिव्यांखाली करू नये, कारण तिथे सगळ्याच छान दिसतात. संध्याकाळी जावे, रायफलीवर न बसवलेली दुर्बीण विक्रेत्याच्या परवानगीने दाराशी न्यावी आणि समोरच्या झाडाच्या सावलीतल्या फांद्या एकमेकींपासून वेगळ्या दिसतात का, ते पाहावे.

वजनाचे थोडक्यात सांगतो. 3-9×40 दुर्बीण साधारण 13 औंसांची असते, 6-24×50 बहुधा 24 औंसांच्या आसपास किंवा अधिक. सुमारे 300 ग्रॅमचा हा फरक काउंटरवर जाणवत नाही. 10,000 फुटांवर, गुडघाभर बर्फातून चढताना चांगलाच जाणवतो.

रेटिकल, म्हणजे नेमाच्या रेषा, साध्याच असाव्यात: कडेला जाड आणि मध्याकडे बारीक होत जाणाऱ्या, म्हणजे राईतल्या अंधारातही जाड रेषा नजरेला मध्याकडे नेतात. दुर्बिणीच्या आत प्रतिमा तयार होण्याच्या दोन जागा, म्हणजे नाभीप्रतले, असतात. रेषा पहिल्या नाभीप्रतलात असल्या तर झूमबरोबर त्या लहानमोठ्या होतात आणि कमी झूमवर इतक्या बारीक होतात की काळ्या झुडपावर हरवतात. दुसऱ्या प्रतलातल्या रेषा सर्व झूमवर सारख्याच जाडीच्या दिसतात, म्हणून आपल्या कामासाठी त्या बऱ्या. त्यांच्यावर अंतरासाठी जादा खुणा असतील, तर त्या एका ठरावीक झूमवरच, बहुधा सर्वांत वरच्या झूमवर, अचूक ठरतात, हे विसरू नये.

दुर्बिणीवरची खुणांची चकती फिरवून नेम उचलण्याची सोय आपल्याला लागणार नाही. .30-06 ची 180 ग्रेन वजनाची गोळी सुमारे 2,700 फूट प्रतिसेकंद वेगाने निघते. तिचा नेम 200 यार्डांवर जुळवला तर ती 100 यार्डांवर सुमारे 2 इंच वर लागते, 300 यार्डांवर 8 ते 9 इंच खाली आणि 400 यार्डांवर जवळजवळ 2 फूट खाली. एल्कच्या छातीतला मर्मभाग एक फुटाहून थोडा मोठा असतो. त्यामुळे 300 यार्डांवर पाठीच्या रेषेखाली किंचित नेम धरला की काम भागते. त्यापुढे पहिल्या हंगामात गोळी झाडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जखमी नराचा माग काढत रात्री डोंगर तुडवण्याची वेळ ज्याच्यावर आली आहे, तो याबाबत वाद घालणार नाही.

डोळा आणि मागचे भिंग यांच्यात साडेतीन ते चार इंच अंतर ठेवूनही पूर्ण चित्र दिसले पाहिजे. .30-06 चा धक्का बऱ्यापैकी असतो आणि चढावर पडून नेम धरताना डोके आपोआप पुढे सरकते. अंतर कमी पडले तर दुर्बिणीची कड भुवईवर बसते. बसवताना दुकानातल्या उभ्या स्थितीवर विसंबू नये. जाड जाकीट घालून, बसून आणि पडून, दोन्ही प्रकारे पाहून घ्यावे.

600 डॉलरांपैकी दुर्बिणीवर साधारण 400 खर्चावेत. ऑरेगनची ल्यूपोल्ड आणि विस्कॉन्सिनची व्होर्टेक्स यांच्याकडे या किमतीच्या आतबाहेर अशा दुर्बिणी मिळतात, आणि दोघींची आयुष्यभराची हमी पुढच्या मालकालाही लागू होते. उरलेल्यांतून दुर्बीण रायफलीवर धरून ठेवणाऱ्या चांगल्या कड्या घ्याव्यात आणि त्यांचे स्क्रू निर्मात्याने सांगितलेल्या इंच-पौंडांवर (आवळण्याच्या जोराचे माप) टॉर्क पान्याने, म्हणजे तो जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळून घ्यावेत. नेम सरकला की दोष दुर्बिणीवर टाकला जातो; पुष्कळदा तो ढिल्या स्क्रूचा असतो. यानंतर जे पैसे राहतील त्यांची काडतुसे घ्यावीत आणि हंगामाआधी ती सगळी सरावात संपवावीत.

प्रश्न: आम्ही तीव्र उतारांच्या भागात शिकार करतो. माझ्याकडे 3-10×42 दुर्बीण आहे. अंतर आणि कोन स्वतः मोजून नेमाचा बिंदू उजळवणारी नवी दुर्बीण घ्यावी का? (एक वाचक, बॉयसी, आयडाहो)

उत्तर: घेऊ नये, आणि त्याचे पहिले कारण कायद्याचे आहे. आयडाहोत मोठ्या प्राण्यांच्या शिकारीत रायफलीवर किंवा तिच्या दुर्बिणीत इलेक्ट्रॉनिक उपकरण चालत नाही. बॅटरीवर उजळणाऱ्या साध्या रेटिकलला तेवढी मुभा आहे. कोलोरॅडोतही गोळीच्या मार्गाचे गणित करणारी दुर्बीण निषिद्ध आहे. नियम राज्यागणिक वेगळे असतात आणि बदलतातही, म्हणून त्या वर्षीची नियमपुस्तिका पाहिल्याशिवाय अशी खरेदी करू नये.

दुसरे कारण असे की, हे गणित वाटते तितके अवघड नाही. गोळीला खाली ओढणारे गुरुत्व आडव्या अंतराच्या हिशेबाने परिणाम करते, तिरक्या अंतराच्या नव्हे. 30 अंशांच्या उतारावर 300 यार्ड मोजले गेले, तर नेम 260 यार्डांचा धरायचा, मग जनावर वर असो की खाली. खाली पाहताना नेम उंच धरावा असा समज पुष्कळांचा असतो. तो चुकीचा आहे. वरच्या उत्तरातल्या .30-06 च्या बाबतीत हा फरक सुमारे 4 इंचांचा येतो. कोनाचा हिशेब करून आडवे अंतर सांगणारा हातातला रेंजफाइंडर (अंतरमापक) घेतला की हा प्रश्न सुटतो, कारण तो रायफलीला जोडलेला नसतो. उंचीवरच्या विरळ हवेचा परिणाम 300 यार्डांच्या आत सोडून देण्याइतका लहान असतो. आडव्या वाऱ्याचा तसा नसतो आणि त्याचे उत्तर कोणत्याही दुर्बिणीत नाही. जवळ जावे लागते.

प्रश्न: रायफलीवर दुर्बीण असताना गळ्यात वेगळी बायनॉक्युलर्स बाळगणे आवश्यक आहे का? (एक वाचक, फोर्ट कॉलिन्स)

उत्तर: अत्यावश्यक आहे. रायफलीच्या दुर्बिणीतून एखादी हालचाल निरखणे म्हणजे तिच्यावर भरलेली बंदूक रोखणे, आणि ती हालचाल दुसऱ्या शिकाऱ्याची असू शकते. 8×42 किंवा 10×42 घ्यावीत. दिवसभर डोळ्यांना लागणार आहेत ती हीच, म्हणून पैसे कमी असतील तर काटकसर रायफलीच्या दुर्बिणीवर करावी.

प्रश्न: गेल्या वर्षी पहाटे तंबूबाहेर पडलो तेव्हा दुर्बीण पूर्ण पांढरी झाली होती. आत वायू भरलेली दुर्बीण असूनही असे का झाले? (एक वाचक, ग्रँड जंक्शन)

उत्तर: नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेला असतो तो आतल्या बाजूला दव धरू नये म्हणून, बाहेरच्या काचेला त्याचा काही उपयोग नाही. संध्याकाळी थंडगार झालेली रायफल शेगडी पेटलेल्या तंबूत आणली की तिथली दमट हवा काचेवर जमते आणि पहाटे बाहेर नेल्यावर तेच पाणी गोठते. रायफल गोळ्या काढून, कुलपात, पण बाहेरच्या थंडीतच कोरडी ठेवावी. दुर्बिणीवर टोपण असावे आणि नेम धरताना श्वास मागच्या भिंगावर सोडू नये. पुसायला सुती रुमाल नको, लेपाला ओरखडे पडतात. आधी बर्फ झटकावा आणि मगच भिंगांसाठीचे मऊ कापड लावावे. पांढरेपणा आतल्या बाजूने असेल आणि उबेतही जात नसेल, तर सील फुटले आहे असे समजून दुर्बीण हंगामाआधीच निर्मात्याकडे पाठवावी.