पैशाचं बोलणं

चि.,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू एका दमात दोन गोष्टी बोललास. पहिली, "मावशी, मी पैशाला फार महत्त्व देत नाही." आणि दुसरी, मित्राच्या कर्जाला जामीन राहायचंय, सोमवारी सही हवी आहे, काय करू? मी "बघून सांगते" म्हणाले आणि फोन ठेवला. तोंडी बोलले असते तर अर्धं राहून गेलं असतं, म्हणून लिहायला बसले. लांबेल. चहा घेऊन वाच.

३२ वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी कॅशच्या खिडकीत. पैशाला महत्त्व न देणारा माणूस तिथे मला एकही भेटला नाही. भेटले ते पैशाचं बोलायला लाजणारे. आपल्या घरांतून या लाजेला संस्कार म्हणायची पद्धत आहे. पगार विचारू नये, उसने मागू नयेत, दिलेले तर मुळीच मागू नयेत. तुझ्या कार्डावर ६२ हजार बाकी आहेत आणि तू दर महिन्याला नुसती किमान रक्कम भरतोस, हे तुझ्या आईकडून कळलं (तिच्यावर चिडू नकोस, काळजीपोटी बोलली). महिन्याला साडेतीन टक्के धरले तरी २,१७० रुपये नुसतं व्याज झालं, वर जीएसटी. सरळ हिशेबाने वर्षाला ४२ टक्के. आमच्या शाखेच्या गावातला सावकार महिन्याला शेकडा तीन घ्यायचा, म्हणजे वर्षाला ३६ टक्के, आणि आम्ही सगळे त्याला रक्त पिणारा म्हणायचो.

सावकारावरून एक जोडपं आठवलं.

नोव्हेंबर २०१६. ८ तारखेला रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या, ९ला बँका बंद, आणि १०ला सकाळी शटर वर करायच्या आधीच रांग एसटी स्टँडपर्यंत गेलेली. चलनातल्या एकूण रकमेपैकी ८६ टक्के रक्कम त्या दोन नोटांत होती, त्यामुळे अख्खा तालुकाच रांगेत उभा होता म्हण. दुसऱ्या आठवड्यात साठीच्या आसपासची एक बाई आली. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून स्लिप भरायला नवरा सोबत. भरण्याच्या स्लिपवर किती रुपयांच्या किती नोटा ते लिहावं लागतं. त्याने पेन टेकवून विचारलं, "किती हायत?"

ती माझ्याकडे बघत म्हणाली, "पंच्याहत्तर."

"पाचशेच्या?"

तिने मान हलवली. त्याने ७५ लिहिलं आणि पुढचा गुणाकार करायला हातच चालेना. मीच सांगितलं, सदतीस हजार पाचशे. नोटा घडीवर घडी घालून सुपारीएवढ्या केलेल्या, हिंगाचा वास येत होता. मशीन घेईना. एकेक उलगडून, तळहाताने दाबून हाताने मोजल्या, तोवर मागे आरडाओरडा सुरू. त्या सगळ्या वेळात तो एकच वाक्य बोलला, "कवापासनं?" ती म्हणाली, "थोरलीच्या लग्नाआधीपासनं."

डिसेंबरात तो पासबुक भरून घ्यायला एकटाच आला. खिडकीशी रेंगाळला, मग आपणहूनच बोलला. थोरलीच्या लग्नात त्याने सावकाराकडून ४० हजार उचलले होते, शेकडा तीनने. महिन्याला १,२०० रुपये व्याज, चार वर्षं. मुद्दल जागच्या जागी. मी विचारलं, घरी सांगितलं होतं का कर्जाचं? तर म्हणाला, "बायकांस्नी कशाला घोर?"

चार वर्षांचं व्याज किती झालं ते तूच काढ. घरात हिंगाच्या डब्यात पैसे, आणि घरधनी व्याज भरायला महिन्याच्या महिन्याला चालत जातोय.

आता तू म्हणशील, बाईनं लपवायला नको होतं. मला तसं वाटत नाही. बाईमाणसाजवळ स्वतःचे म्हणून चार पैसे असलेच पाहिजेत. मी माझ्या पहिल्या पगारापासून ठेवलेत आणि तुझ्या काकांना त्याचा पत्ता पहिल्या दिवसापासून आहे. वेगळा पैसा असणं निराळं आणि आपल्या माणसाला विचारायचीच चोरी असणं निराळं. त्या दोघांत भांडण नव्हतं रे. इतकंच, की पैशाचं बोललं तर प्रेम कमी होतं, असं दोघांनाही वाटत होतं. तुझंही तेच चाललंय, फक्त इंग्रजी शाळेत शिकलेल्या माणसासारखं.

आता जामीनकीचं.

लोकांना वाटतं, जामीन म्हणजे ओळख. "सहीच तर करायचीय, पैसे थोडेच द्यायचेत." १८७२ सालच्या करार कायद्याचं १२८ वं कलम सांगतं की जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर बँकेला आधी कर्जदाराच्या मागे लागून थकायची गरज नाही; हप्ते थकले की ती सरळ तुझ्या दारात येऊ शकते. ते कर्ज तुझ्या सिबिलच्या, म्हणजे कुणावर किती कर्ज आणि ते कसं फेडलं याच्या, नोंदीतही दिसतं. उद्या घरासाठी अर्ज करशील तेव्हा तिथला माणूस विचारेल, हे कुणाचं?

हे सगळं मला तोंडपाठ होतं, तरी मी एका सहकाऱ्याला पतसंस्थेच्या कर्जासाठी सही दिली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्याची आई आजारी होती एवढंच माहीत. किती घेतोस, फेडणार कसं, आधीचं काही आहे का, यातलं एक अक्षर विचारलं नाही. कसं विचारायचं, शेजारच्या टेबलावर बसणारा माणूस! आधीची दोन कर्जं होती, हे मला वसुलीच्या नोटिशीवरून कळलं. माझ्या पगारातून महिना ८५० रुपये, ३६ महिने कापले गेले. तेव्हा तो लहान आकडा नव्हता. पण मला लागलं ते वेगळंच. तो लबाड नव्हता. मला बघितलं की जिन्याने वर जायचा, पुढे बदली मागून गेला. मी सही करताना विचारलं असतं तर त्यालाही सांगता आलं असतं, आणि बहुतेक आम्ही दोघांनी मिळून काहीतरी काढलं असतं.

तेव्हा मित्राला समोर बसवून विचार. कर्ज किती, कशाला, हप्ता किती, हप्ता जाऊन हातात काय उरतं, आणखी कुठे देणं आहे. कागद दाखव म्हण. चिडला तर चिडू दे, तोही एक हिशेबच कळला. सगळं कर्ज उद्या तुझ्या एकट्याच्या अंगावर आलं असं धर, आणि तरीही झोप लागत असेल तर सही कर. तुझ्या कार्डाची अवस्था बघता लागणार नाही. मग तसं स्पष्ट सांग, "माझ्यावरच बाकी आहे, मला झेपणार नाही." आणि आधी ते कार्ड मोकळं कर, बचत खात्यात पडलेल्या पैशाला जे व्याज मिळतं त्याच्यापुढे हे व्याज कुठल्या कुठे आहे.

अजून एक, लवकर आटपते. बाबांना विचार, ठेवी कुठे कुठे आहेत आणि नॉमिनी कोण. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक पैसे त्याच्या हाती देते, वारसांचा हक्क कायम राहतो. १० वर्षं कुणी हात न लावलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. नंतरही मागता येते, पण मागायला ती आहे हे ठाऊक तर हवं. "तुम्ही गेल्यावर" असं म्हणावं लागत नाही. "बाबा, फाईल बघू का एकदा" एवढं पुरतं.

रविवारी दुपारी ये. जामीनकीचा कागद आणि कार्डाचं स्टेटमेंट, दोन्ही आण. माझा चष्मा नवा आहे, बारीक अक्षर वाचता येतं.

तुझी मावशी

ता. क. गेल्या महिन्यात माझी औषधं आणलीस, त्याचे ६४० रुपये तू मागितले नाहीस. मलाही रोज आठवत होतं आणि मीही गप्प बसले. पाकिटात घालून ठेवलेत, फ्रिजवर.