मुंबईच्या लोकलमध्ये मेट्रोसारखी प्रत्येकाची बॅग का तपासत नाहीत?

तपासता येणारच नाही. गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या गाडीत साडेचार हजारांवर माणसं असतात आणि तीन-चार मिनिटांत मागची गाडी येते. मेट्रोत शिरायच्या वाटा मोजक्या, आपल्या स्टेशनांत माणूस चहूबाजूंनी शिरतो. दादरच्या पुलावर मशीन लावलं तर रांग खाली रस्त्यावर जाईल, आणि घातपात करणाऱ्याला ती रांगच पुरेल.

डिसेंबर 2008. नुकतंच 26/11 होऊन गेलेलं. मी आणि माझा मेहुणा वसईहून सकाळच्या फास्टने निघालो होतो. बोरिवली गेल्यावर खिडकीवरच्या रॅकवर निळी रेक्झिनची बॅग दिसली, तोंड सुतळीने बांधलेलं. "बॅग कोणाची?" तीनदा ओरडून विचारलं. एकानेही मान वर केली नाही. मेहुणा म्हणाला, "गप बस, लेट होईल." मी अंधेरीला उतरलो आणि गार्डला सांगितलं. डबा रिकामा केला, आरपीएफचे जवान आले, कुत्रा आला, गाडी वीस-पंचवीस मिनिटं उभी. बॅगेत निघाल्या फॉल-बीडिंगच्या साड्या आणि डबा. मेथीची भाजी अजून कोमट होती. प्लॅटफॉर्मवर लोकांनी मला आईवरून शिव्या दिल्या. मेहुण्याला लेट मार्क लागला, तो त्याने आजवर माफ केलेला नाही.

माझं काहीही चुकलं नाही. 11 जुलै 2006 ला संध्याकाळी अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेवर सात स्फोट झाले, सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत, 180 हून जास्त माणसं गेली. माझा ऑफिसातला मित्र माटुंगा रोडला फुटलेल्या डब्याच्या शेजारच्या डब्यात होता. त्याला डाव्या कानाने अजून ऐकू येत नाही. मेहुणा त्याला चांगला ओळखतो, तरी म्हणतो मी घाबरट.

26/11 ला सीएसटीवर गोळीबार सुरू झाला तेव्हा उद्घोषक विष्णू झेंडे माईकवरून लोकांना मागच्या बाजूने बाहेर पडा म्हणून सांगत राहिले. शेकडो माणसं वाचली ती त्या आवाजामुळे. म्हणून माझं म्हणणं एकच, जो बोलतो त्याला गप्प करू नका. गाडी उशिरा सुटली तर सुटली.

कॅमेरे, श्वानपथक, साध्या वेशातले पोलीस हवेतच, मी त्यांच्या विरोधात नाही. मेटल डिटेक्टरच्या चौकटी मात्र मला निरुपयोगी वाटतात. त्या वाजत राहतात आणि लोक चालत राहतात.

आणि हो, बेवारस बॅगेला हात लावू नका, 139 वर फोन करा. दोन स्टेशनांच्या मध्ये चेनही ओढू नका, गाडी तिथेच अडकली तर माणसं रुळांवर उड्या मारतात. मीही ओढली नव्हती. स्टेशन आल्यावर उतरून सांगितलं होतं. मेहुणा मात्र अजून लग्नकार्यात सगळ्यांना सांगतो, याने चेन ओढली म्हणून.