मुलगा बारावी सायन्स करून एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) कॅलिफोर्नियात आला आहे. कम्युनिटी कॉलेजमधून कॉम्प्युटर सायन्सची असोसिएट डिग्री करावी का?

करावी, पण नुसत्या असोसिएटवर थांबू नये. एच-१बी या कामाच्या व्हिसावरच्या नोकरीला साधारणपणे बॅचलर्स लागते आणि ओपीटीची (एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकल्यावर मिळणारी कामाची परवानगी) 24 महिन्यांची स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान विषयांची, मुदतवाढही असोसिएटवर मिळत नाही. म्हणून दोन वर्षांनी युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घ्यायची, असं धरूनच विषय निवडा.

आधी असिस्ट डॉट ओआरजी ही साइट उघडा. आपलं कॉलेज, हवी ती यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) किंवा सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) आणि मेजर, म्हणजे मुख्य विषय, निवडलं, की तिथल्या कोणत्या कोर्सऐवजी इथला कोणता चालतो ते कळतं. तीन-चार युनिव्हर्सिटींची पानं छापून शेजारी शेजारी ठेवा, कारण मागण्या सारख्या नसतात. ‘असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर’ ही 60 युनिटची (क्रेडिटची) पदवी सीएसयूसाठी उत्तम. मात्र तिच्यातली प्रवेशाची हमी सीएसयू यंत्रणेत कुठेतरी जागा मिळण्याची असते, सॅन होजेच्या सीएसयूतच मिळेल असं नाही. यूसी मेजरचे पूर्वतयारीचे कोर्स आधी पाहते. ‘टॅग’ नावाची हमी सहा यूसींमध्ये आहे, बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगोत नाही. शिवाय कॉम्प्युटर सायन्स बऱ्याच ठिकाणी तिच्यातून वगळलेलं असतं.

गाडी अडते ती गणिताच्या साखळीत. कॅल्क्युलस १ झाल्याशिवाय २ घेता येत नाही, इंजिनिअरिंगवाल्यांच्या फिजिक्सलाही कॅल्क्युलस लागतं. प्रोग्रॅमिंगनंतर डेटा स्ट्रक्चर्स, शिवाय डिस्क्रीट मॅथ आणि कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन. प्रीकॅल्क्युलसपासून सुरुवात केली तर सगळंच एक सेमिस्टर पुढे ढकललं जातं. बारावीत डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रेशन झालेल्या मुलाने मार्कशीट घेऊन काउन्सेलरला भेटावं आणि थेट कॅल्क्युलस १ मागावं. जनरल एज्युकेशनचे इंग्रजी-इतिहासाचे कोर्स रिकाम्या जागी बसवता येतात, ही साखळी मात्र बसवता येत नाही. पहिल्याच सेमिस्टरला कॅल्क्युलस आणि प्रोग्रॅमिंग दोन्ही हवेत.

घाई का, तर ट्रान्सफरचा अर्ज दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरायचा असतो. तेव्हा हातात पहिल्या वर्षाचेच ग्रेड असतात. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना यूसीची किमान अट 2.4 जीपीए (ग्रेडची सरासरी) आहे, पण कॉम्प्युटर सायन्ससाठी तेवढ्यावर आशा ठेवू नका.

एटीकेटीची सवय असलेल्यांना इथे धक्का बसतो. ग्रेड आठवड्याचा होमवर्क, लॅब, मिडटर्म आणि फायनल मिळून ठरतो, शेवटच्या महिन्यात रात्री जागून तो सावरत नाही. सी मिळाला तर ग्रेड सुधारायला तोच कोर्स सहसा पुन्हा घेता येत नाही. डी-एफ आला तर घेता येतो, पण एकूण तीनच प्रयत्न, आणि मध्येच सोडल्याचा ‘डब्ल्यू’ही त्यात मोजतात. झेपत नसेल तर ‘डब्ल्यू’ लागण्याआधीची ड्रॉपची तारीख पाहून सोडा.

रहिवाशांना युनिटमागे 46 डॉलर, म्हणजे 60 युनिटला 2,760 पडतात. पुस्तकं आणि किरकोळ फी वेगळी. एच-४ वर वर्षभर राज्यात राहिल्याचे आणि इथेच राहण्याच्या इराद्याचे कागद दाखवून हा दर मिळू शकतो, तोपर्यंत बाहेरच्यांचा दर, जो कितीतरी जास्त असतो. वयाच्या 21 व्या वर्षी एच-४ संपतो. पुढे एफ-१ घ्यायचा असेल तर अर्ज त्याआधी करावा लागतो, आणि एफ-१ वर रहिवासी दर मिळत नाही. एफ-१ वर प्रत्येक सेमिस्टरला किमान 12 युनिटही घ्यावे लागतात, ऑनलाइन कोर्स त्यात एकच मोजतात. तेव्हा ट्रान्सफरचं सेमिस्टर आणि 21 वा वाढदिवस यांतलं आधी काय येतं, ते आत्ताच मोजून ठेवा.