पन्नाशीजवळ वॅक्स सोडावं का? एका पार्लरवालीचं लांबलचक उत्तर

तू विचारलंयस ते थोडक्यात असं: वय ४९, कॉलेजपासून हातापायांचं वॅक्स करतेस. आता पोटऱ्यांवर केस नावालाच उरलेत आणि हनुवटीवर मात्र राठ काटे उगवायला लागलेत. वॅक्स केलं की कातडी कितीतरी दिवस लाल राहते. मुलगी म्हणते लेझर कर, जाऊबाई म्हणतात आता या वयात कोण बघतंय. आणि शेवटी, जरा संकोचत, खालच्या केसांचं काय करायचं, डॉक्टरकडे जाण्याआधी काढावे लागतात का, हेही विचारलंयस. मुलुंडला माझं छोटं पार्लर आहे आणि माझी स्वतःचीही साठी जवळ आलीय, म्हणून खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी सांगते. लहान आहेस म्हणून अगं-तुगं करतेय, चालवून घे.

पायावरचे केस कमी होणं आणि हनुवटीवर येणं हे एकाच गोष्टीचे दोन परिणाम आहेत. पाळी जायच्या आसपास इस्ट्रोजेन, म्हणजे बायकी हार्मोन, झपाट्याने उतरतं. ज्यांना आपण पुरुषी हार्मोन्स म्हणतो ती प्रत्येक बाईच्या अंगात थोडी असतातच, आणि ती त्या मानाने सावकाश उतरतात. त्यामुळे त्यांचा जोर जाणवायला लागतो. हनुवटी आणि वरचा ओठ या जागा त्यांना लगेच बधतात, तिथली लव काळी आणि जाड होते. पोटऱ्या, काखा, जांघा इथे केस विरळ होत जातात, पांढरेही होतात. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, म्हणजे पाश्चात्त्य बायकांच्या चार-पाच वर्षं आधी. तेव्हा पंचेचाळिशीतच हे सगळं सुरू झालं तरी घाबरायचं कारण नाही.

आता वॅक्स. पन्नाशीच्या पुढची बाई आली की मी केस नंतर बघते, कातडी आधी. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत कातडीतलं कोलॅजेन, म्हणजे तिला घट्ट धरून ठेवणारं प्रथिन, जवळपास ३० टक्के कमी होतं. हे वाचून कळत नाही, पट्टी ओढताना कळतं. एका हाताने कातडी ताणून धरायची आणि दुसऱ्याने पट्टी कातडीला समांतर, झटक्यात काढायची, हा आमचा पहिला धडा. तरुण मुलीच्या हातावर ताण थोडा कमी पडला तरी निभतं. पन्नाशीत दंडाच्या आतल्या बाजूला आणि काखेत कातडी सायीसारखी पट्टीबरोबर वर येते, आणि दुसऱ्या दिवशी निळे डाग दिसतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते हमखास.

म्हणून मी आल्याआल्या विचारते: शुगर आहे का? रक्त पातळ व्हायची गोळी घेता का? रात्री चेहऱ्याला काय लावता? काही जणींना वाटतं ही नसत्या चौकशा करतेय. पण हल्ली सुरकुत्यांसाठी रेटिनॉल लावणाऱ्या बायका खूप झाल्यात, आणि पुळ्यांसाठी दिलेली अॅडापॅलिनची ट्यूब वर्षानुवर्षं चालू ठेवणाऱ्याही. अशा ओठावर वॅक्स लावलं की केसांबरोबर वरची कातडीही सोलून येते आणि आपल्या सावळ्या रंगावर तो डाग महिने न् महिने जात नाही. ते क्रीम निदान आठवडाभर आधी बंद हवं. जुनी शुगर असेल तर पायाची संवेदना कमी झालेली असते, वॅक्स जास्त गरम आहे हे भाजेपर्यंत कळत नाही. फुगलेल्या निळ्या शिरांवर तर पट्टी लावूच देऊ नकोस. मसावरही नाही, त्यावरचा केस कात्रीने कापायचा.

तुझ्या बाबतीत माझं स्पष्ट मत: पायांचं वॅक्स बंद कर. नावालाच उरलेल्या केसांसाठी दर महिन्याला तेवढी कातडी सोलून घ्यायची काय गरज? लग्नकार्य असेल, साडीऐवजी ड्रेस घालायचा असेल तर रेझर फिरव. रेझरने केस जाड येतात ही समजूत आमच्या धंद्याच्या फायद्याची आहे म्हणून टिकलीय, बाकी काही नाही. मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ सालीच हे तपासून खोटं ठरवलं होतं. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून हाताला खरखरीत लागतं, एवढंच. अंघोळीच्या शेवटी, कातडी मऊ झाल्यावर, फेस लावून, केसांच्या दिशेने, नव्या ब्लेडने करायचं आणि लगेच मॉइश्चरायझर लावायचं. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत घट्ट सिंथेटिक लेगिंग घालून लोकलने जा-ये असेल तर त्या चार महिन्यांत शक्यतो काहीच करू नकोस. केसांच्या मुळाशी पिवळ्या तोंडाच्या पुळ्या घेऊन येणाऱ्या बायका मला जुलैमध्ये सगळ्यात जास्त दिसतात.

हनुवटीची गोष्ट वेगळी. पार्लरमध्ये भुवयांना बसलीस की मुलगी विचारणारच, "ताई, चिन पण करून टाकू?" आणि तू हो म्हणालीस की ती चार राठ केसांसाठी अख्ख्या जबड्यावरून कटोरी वॅक्स फिरवते. त्यात बारीक लवही निघते आणि पुन्हा येताना पुळ्या उठतात. चार केस असतील तर चारच काढायचे. थ्रेडिंग चालतं, दोरा तुझ्यासमोर रिळावरून तोडायला सांग आणि तो तोंडात धरणारी मुलगी असेल तर गळ्यात अडकवून करायला सांग. घरी करायचं तर खिडकीशी, सकाळच्या उजेडात, मोठं दिसणारा आरसा घेऊन बस. चाळिशीचा चष्मा लागलाय, बाथरूमच्या ट्यूबलाइटखाली पांढरा केस दिसणार नाही. चिमटा चांगला घे. डब्यात पिना-टिकल्यांबरोबर विकायला येतो त्याची टोकं बहुतेक वेळा जुळत नाहीत. उजेडासमोर धरून दाब, फट दिसली तर तो केस मधेच तोडणार. मुळाशी तुटलेला केस कातडीखालीच वळतो आणि तिथे काळी गाठ होते. केस कापून टाकलास तरी काही बिघडत नाही, खरं तर सावळ्या कातडीला तेच बरं. भुवयांच्या बाहेरच्या टोकाला मात्र आता हात लावू देऊ नकोस, वयाने ती आपोआप विरळ होतात. फारच विरळ झाली असतील तर थायरॉइडची तपासणी करून घे.

मुलीला सांग, लेझर चांगलं आहे, पण ते केसातल्या काळ्या रंगावर चालतं. पांढऱ्या केसावर त्याचा उपयोग शून्य. हनुवटीवरचे तुझे केस अजून काळे असतील तर आत्ताच करायचं, पाच वर्षांनी पैसे वाया. कायमचे जातात असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. बरेच कमी होतात, मग अधूनमधून पुन्हा जावं लागतं. एका बैठकीत होत नाही, सहा-आठ बैठका, मधे काही आठवड्यांचं अंतर. त्याआधी महिनाभर ओढून काढायचे नाहीत, कारण मूळ शाबूत हवं, रेझर चालतो. आपल्या रंगाच्या कातडीला १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग नावाचं लेझर मशीन जास्त सुरक्षित, डायोड नावाचं दुसरं लेझरही अनुभवी हातात चालतं. आणि हे कोणी सांगत नाही: सावळ्या कातडीवर, हार्मोन्सची गडबड असलेल्या काही बायकांना चेहऱ्यावर लेझरने उलट केस वाढतात. म्हणून मॉलमधल्या पॅकेजपेक्षा त्वचारोगतज्ज्ञ गाठ. केईएम, सायन, नायर या तिन्ही पालिकेच्या रुग्णालयांत त्वचेची ओपीडी आहे, निदान सल्ला तरी तिथे घे. पांढऱ्या केसांना इलाज एकच, इलेक्ट्रोलिसिस: प्रत्येक मुळात बारीक सुई घालून करंट देतात. वेळखाऊ, पण चार-पाच केसांसाठी परवडतं.

एक मात्र बघ. केस हळूहळू, वर्षभरात आलेत की दोन-तीन महिन्यांत एकदम? एकदम आले, आवाज घोगरा झाला, टाळूवर विरळ व्हायला लागलं, तर पार्लर नको, डॉक्टर आणि रक्ताची तपासणी. डोक्याचे केस गळतात म्हणून मिनॉक्सिडिल चालू केलं असशील तर तेही डॉक्टरांना सांग. त्याच्या गोळीने चेहऱ्यावर लव येते आणि लावायचं औषध कपाळावर ओघळलं तर तिथेही. अशा बायका माझ्याकडे "अचानक मिशा आल्या" म्हणून येतात आणि खरं कारण पर्समधल्या बाटलीत असतं.

जाऊबाईंचं "कोण बघतंय" मला अर्धंच पटतं. लेडीज डब्यात वरची कडी धरून उभ्या असलेल्या बायकांकडे बघ. स्लीव्हलेसमध्ये काढलेल्या, न काढलेल्या सगळ्या काखा असतात आणि कोणीही कोणाकडे बघत नाही. पण माझ्याकडे सत्तरीतल्या एक काकू दर पंधरा दिवसांनी फक्त हनुवटीसाठी येतात, जिने चढून. त्यांना कोणाला दाखवायचं नसतं, जप करताना हात तिथेच जातो आणि चिडचिड होते म्हणतात. दुसऱ्या एकीने साठीला सगळंच सोडलं, भुवयाही. दोघी मजेत आहेत.

आता शेवटचा प्रश्न, ज्याचा संकोच वाटला. तपासणीसाठी केस काढून जायची अजिबात गरज नाही, गायनॅकच्या दृष्टीने केस असणं-नसणं सारखंच. पाळी गेल्यावर तिथली कातडी पातळ आणि कोरडी होते, म्हणून वॅक्स आणि केस काढायचं क्रीम दोन्ही नको. त्या क्रीममधल्या रसायनाने मी चांगली भाजलेली कातडी पाहिलीय. लांब वाटले तर छोट्या कात्रीने किंवा ट्रिमरने कमी कर आणि साध्या पाण्याने धू. खाज, आग होत असेल तर ती केसांमुळे असेलच असं नाही, कोरडेपणावर डॉक्टर औषध देतात. ऑपरेशन असेल तरी घरून रेझर फिरवून जाऊ नकोस. बारीक कापल्या जागेतून जंतुसंसर्ग होतो म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्येच सांगितलंय की केस तसेच ठेवा, काढायलाच हवेत तर क्लिपरने. काखेचंही तेच. मॅमोग्राफीसाठी केस काढायला लागत नाहीत, फक्त त्या दिवशी डिओ आणि टाल्कम पावडर लावून जाऊ नकोस, त्याचे कण फिल्मवर ठिपक्यांसारखे दिसतात आणि पुन्हा बोलावतात.