दात्याची अस्थिमज्जा दिली तर किडनीच्या गोळ्या खरंच बंद होतात का?

ताई, तुमच्या धाकट्या भावाला तुम्ही किडनी देणार आहात. किडनीबरोबर दात्याचा बोनमॅरोही (अस्थिमज्जा, म्हणजे हाडातला रक्त तयार करणारा गाभा) दिला, तर रुग्णाच्या रक्तात दोघांच्या पेशी एकत्र नांदतात, म्हणजे 'मिश्र' रक्त तयार होतं, आणि शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या पुढे लागत नाहीत, असं तुम्ही वाचलंत. हे खरं का आणि भावासाठी करता येईल का, असा तुमचा प्रश्न आहे. खरं आहे. पण आजवर फार थोड्या लोकांत जमलंय, आणि त्याची वाट बघत भावाचं ऑपरेशन लांबवू नका.

मी किडनीचा डॉक्टर नाही. जनावरांचा डॉक्टर, सांगली जिल्ह्यात सरकारी नोकरीत हयात गेली. २०१३ पासून थोरल्या बहिणीची किडनी माझ्या पोटात आहे, त्यामुळे हा विषय मी दोन्ही अंगांनी वाचत आलोय. आणि गंमत म्हणजे त्याची सुरुवात गोठ्यातच झाली.

गायीला जुळं झालं, एक खोंड आणि एक कालवड, की मालक खूश. दोन-अडीच वर्षांनी तोच येतो, "डॉक्टर, कालवड माजावरच येईना." मी आधी विचारायचो, जुळ्यातली आहे का? हो म्हणाला की औषधाची चिठ्ठी लिहीतच नसे. अशा दहातल्या नऊहून जास्त कालवडी वांझ निघतात. पोटात असताना दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जुळतात, खोंडाकडची हार्मोन्स कालवडीकडे जातात आणि तिचं गर्भाशय नीट घडत नाही. हार्मोन्सबरोबर रक्त तयार करणाऱ्या पेशीही इकडून तिकडे जातात, आणि त्या जन्मभर मुक्काम करतात.

हे १९४५ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात रे ओवेन यांनी दाखवलं. त्यांच्याकडे एक भन्नाट प्रकरण आलं होतं: एका गर्न्सी गायीला गर्न्सी वळू दाखवलेला, आणि त्याच दिवशी कुंपण ओलांडून हेरफर्ड वळूही आला. जुळं झालं, दोन वासरांचे दोन बाप! रक्त तपासलं तर दोन्ही वासरांत दोन्ही प्रकारच्या रक्तपेशी. परक्या पेशी, तरी शरीराची तक्रार नाही.

इंग्लंडमध्ये शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांना काही वर्षांनी विचारलं गेलं की गायीची एकसारखी जुळी आणि वेगवेगळी जुळी ओळखायची कशी. ते म्हणाले, सोपं आहे, एकाची कातडी दुसऱ्याला लावा, वेगळी असतील तर गळून पडेल. लावली, तर बहुतेक सगळ्यांची टिकली. अंदाज सपशेल चुकला, आणि त्या चुकीतूनच पुढचं काम उभं राहिलं. १९५३ मध्ये बिलिंगहॅम, ब्रेंट आणि मेडावर यांनी तपकिरी उंदरांच्या गर्भांत पांढऱ्या जातीच्या पेशी टोचल्या. त्यातली काही पिल्लं मोठी झाल्यावर पाठीवर पांढऱ्या उंदराची कातडी घेऊन सुखाने फिरू लागली. मेडावर आणि ऑस्ट्रेलियाचे शास्त्रज्ञ बर्नेट यांना १९६० चं नोबेल मिळालं.

आता तुमचा भाऊ काही गर्भात नाही. मोठ्या माणसात हे करायचं तर आधी त्याच्या प्रतिकारशक्तीचा जोर मोडावा लागतो: किरणं, टी-पेशी (परक्यावर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी) मारणारी औषधं, काही ठिकाणी केमोथेरपीचं औषध. मग दात्याची अस्थिमज्जा किंवा तिच्यातल्या मूळ पेशी शिरेतून द्यायच्या. त्या रुजल्या की काही पेशी छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत जाऊन बसतात. टी-पेशींची शाळा तिथे भरते. जी नवी टी-पेशी दात्याच्या पेशीवर धावून जाते, तिला तिथेच संपवलं जातं. बाहेर पडतात त्या दात्याला घरचाच समजणाऱ्या. नव्या किडनीला मग वेगळी ओळख द्यावी लागत नाही.

'मिश्र' हा शब्द इथे फार महत्त्वाचा. रुग्णाचं सगळं रक्त दात्याचं करून टाकलं, तर दात्याच्या पेशीच रुग्णाची कातडी, आतडी, यकृत यांवर हल्ला करू शकतात. त्याला जीव्हीएचडी म्हणतात, आणि ते जीव घेऊ शकतं. किडनी नाकारली गेली तर डायलिसिस तरी आहे. म्हणून थोडं त्याचं, थोडं दात्याचं, असा संसार मांडायचा.

माणसात हे १९९८ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये झालं. मायलोमा या रक्ताच्या कर्करोगामुळे किडनी गेलेली एक बाई, दाता तिची बहीण, ऊतींची (पेशींवरच्या ओळखखुणांची) जुळणी पूर्ण. रक्तातलं मिश्रण काही महिन्यांत ओसरलं, किडनी मात्र गोळ्यांशिवाय चालत राहिली. २००८ मध्ये त्याच गटाने जुळणी अर्धवट असलेले ५ रुग्ण जाहीर केले. चौघांच्या गोळ्या सुटल्या, एकाची किडनी गेली. इथेही मिश्रण काही आठवड्यांपुरतंच टिकलं होतं. मग किडनी कशी टिकली? माकडांवरचे प्रयोग सांगतात की किडनी स्वतःच सहनशीलता वाढवायला हातभार लावते. हीच युक्ती एकट्या हृदयाच्या बाबतीत चालत नाही.

स्टॅनफर्डला सॅम्युएल स्ट्रोबर यांच्या गटाने क्रम उलटा केला: आधी किडनी, मग लसिका ग्रंथींना थोड्या थोड्या किरणांचे १० डोस, मग पेशी. त्याच वाटेवरच्या एका चाचणीचे निकाल २०२५ मध्ये आले. पूर्ण जुळणीच्या भावंडांकडून किडनी घेतलेल्या २० जणांपैकी १९ जणांच्या गोळ्या साधारण वर्षभराने थांबल्या, आणि १५ जण दोन वर्षांहून जास्त काळ गोळ्यांशिवाय राहिले. मला हा आकडा मोठा वाटतो. उरलेल्या पाचांपैकी एक मी असतो तर काय वाटलं असतं, हेही मनात येतंच.

अर्धवट जुळणीत रक्त जवळपास पूर्ण दात्याचं करणारी एक वेगळी पद्धतही होती. एका रुग्णाचा जीव्हीएचडीने मृत्यू झाला, चाचणीत रुग्णांची भरतीही रखडली, आणि २०२३ मध्ये ती चाचणी थांबली.

आपल्याकडे अहमदाबादला डॉ. एच. एल. त्रिवेदी यांनी किडनीबरोबर दात्याच्या अस्थिमज्जेच्या पेशी यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून द्यायचे प्रयोग बरीच वर्षं केले. पण फॉर्म भरला, पैसे भरले आणि झालं, असा हा उपचार अजून झालेला नाही. "स्टेम सेल देऊन गोळ्या बंद करतो" म्हणत कुणी दर सांगितला, तर कोणत्या मान्यताप्राप्त चाचणीत, कोणाच्या देखरेखीखाली आणि जीव्हीएचडी झाला तर काय, हे लेखी मागा.

आणि गोळ्यांची एवढी धास्ती घेऊ नका. त्रास आहे, नाही म्हणत नाही. टॅक्रोलिमस या गोळीने माझा हात थरथरतो, कपबशी उचलली की बशी किणकिणते, बायको म्हणते पाहुणे आले की तुम्ही पेल्यात घ्या. साखर वाढली, दर उन्हाळ्यात कातडी तपासून घ्यावी लागते. पण सकाळी ९ आणि रात्री ९ हे पाळलं तर माणूस शेतात जातो, लग्नाला जातो, भांडतो. डायलिसिसला माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा एक पोरगा ऑपरेशननंतर "आता बरा आहे की" म्हणून चार महिन्यांनी गोळ्या सोडून बसला. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बिघडली की वाढतं ते) ६ वर गेल्यावर आला, तोवर उशीर झाला होता. मिश्र रक्त तयार न करता गोळ्या सोडणं म्हणजे हे. भावाला हे आत्ताच सांगून ठेवा.

एक काम आजच करता येईल. एचएलए टायपिंगचा, म्हणजे ऊतींच्या जुळणीचा, रिपोर्ट काढा आणि सहापैकी किती जुळलंय ते बघा. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळणीची शक्यता चारात एक असते. सहापैकी सहा असेल, तर तुमच्या डॉक्टरांना अशी एखादी चाचणी कुठे चालू आहे का, हे विचारायला हरकत नाही. तीन असतील तर नेहमीच्या वाटेने जा. आकडा इथे लिहिलात, तर त्यावर पुढचं बोलू.