टीव्ही मालिकेच्या नावाचा तिच्या कथेशी संबंध असायलाच हवा का?

सुरुवातीला हवाच. दोन वर्षांनंतरही तो तसाच राहील अशी अपेक्षा मात्र मी ठेवत नाही.

‘नाव एक आणि दाखवतात भलतंच, ही प्रेक्षकांची फसवणूक नाही का,’ असं तुम्ही विचारलं आहे. बहुतेक वेळा नाही. नाव ठरतं तेव्हा लेखकाच्या हातात किती गोष्ट असते ते बघा. रोजची मालिका सुरू होते तेव्हा पहिले काही आठवडे पक्के असतात, पुढचा ढोबळ आराखडा असतो आणि शेवट कधी करायचा हे कोणालाच ठाऊक नसतं. ते पुढे टीआरपी ठरवतो. प्रोमो, पोस्टर आणि शीर्षकगीत मात्र आधीच तयार लागतं. म्हणजे जी गोष्ट अजून लिहूनच झालेली नाही, तिचं बारसं उरकावं लागतं. त्यानंतर ट्रॅक, म्हणजे कथेचे धागे बदलतात, एखादा कलाकार सोडून जातो, मध्येच लीप येतो, म्हणजे गोष्ट एकदम काही वर्षं पुढे उडी मारते, आणि नाव बिचारं होतं तिथेच उभं राहतं.

‘होणार सून मी ह्या घरची’ आठवा. नावातच भविष्यकाळ. जान्हवी रीतसर सून झाली, तरी २०१३ साली सुरू झालेली मालिका २०१६पर्यंत चालूच होती. लग्नानंतर नावातला ‘होणार’ काढा असं म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. ‘चार दिवस सासूचे’ तर २००१ ते २०१३ चालली. एवढे लांबलेले चार दिवस कोणत्याच सासूच्या वाट्याला आले नसतील!

माझा अनुभव असा की एखाद्या घटनेवरून ठेवलेली नावं सगळ्यात लवकर शिळी होतात. ‘प्रिझन ब्रेक’ हे त्याचं धडधडीत उदाहरण. २००५ साली आलेली ही अमेरिकन मालिका तुरुंगातून पळून जाण्याची गोष्ट सांगते, आणि पहिल्या सीझनच्या अखेरीस मंडळी पळतात. नावाचं काम तिथेच संपलं. मालिका मात्र लोकप्रिय झालेली, ती संपवणार कोण? दुसऱ्या सीझनभर नुसती पळापळ. तिसऱ्यात नायकाला पनामातल्या एका तुरुंगात नेऊन टाकलं. मला तर तेव्हा वाटलं होतं, नाव खरं करण्यासाठीच त्याला पुन्हा आत घातलाय.

याउलट ‘फ्रेंड्स’. सुरुवातीला तिच्यासाठी ‘इन्सोम्निया कॅफे’ असं नाव सुचवलेलं होतं. पडद्यावर आलेलं नाव इतकं साधं आहे की त्यातून गोष्टीचा काडीचाही पत्ता लागत नाही. पण १९९४पासून २००४पर्यंत कोणी कोणाच्या प्रेमात पडो, लग्न करो नाहीतर घर बदलो, ते खोटं पडलं नाही, कारण ते प्रसंगाचं नाही, नात्याचं नाव आहे. दूरदर्शनवरच्या ‘नुक्कड’चंही तसंच. नाक्यावर रोज कोणीही यावं, काहीही घडावं, नाव बसतंच.

आता आशयाच्या सरळ उलट नाव. ‘आई कुठे काय करते’ हे मला अलीकडच्या मराठी मालिकांतलं सगळ्यात चांगलं नाव वाटतं. अरुंधती दिवसभर घरासाठी राबते आणि नाव म्हणतं, ती कुठे काय करते! तुमचा नियम काटेकोर लावला तर हे नाव नापास. पण ते वाक्य मालिकेचं मत नाहीच. ते घरातल्या माणसांच्या तोंडचं आहे, आणि ते खोडून काढायलाच मालिका उभी आहे, हे प्रोमो बघूनच कळतं. पुढे घटस्फोट झाला, दुसरं लग्न झालं, मालिका २०१९ ते २०२४ अशी लांबत गेली (माझ्या मते जरा जास्तच), तरी नाव उपरं वाटलं नाही. घरातल्यांची ती नजर काही एका ट्रॅकपुरती नव्हती.

गोष्ट बदलली की नावही बदलावं, हा मार्ग आहेच. ‘अग्गंबाई सासूबाई’मध्ये सासूच्या दुसऱ्या लग्नाची गोष्ट होती. २०२१ साली रोख सुनेकडे वळला, तर नाव झालं ‘अग्गंबाई सूनबाई’. स्वच्छ काम. अमेरिकेत ‘रोझॅन’ या मालिकेतली रोझॅनच २०१८ साली बाहेर गेली, तेव्हा उरलेल्या कुटुंबाला घेऊन ‘द कॉनर्स’ सुरू केली. पण असं क्वचित होतं. लोकांच्या तोंडी बसलेलं नाव मोडायला निर्माते धजावत नाहीत. ‘कूगर टाउन’वाल्यांनी यातून गमतीशीर वाट काढली. ‘कूगर’ म्हणजे आपल्याहून तरुण पुरुषांच्या मागे लागणारी बाई. २००९ साली ही अमेरिकन मालिका सुरू झाली तेव्हा घटस्फोटित बाई आणि तिच्याहून तरुण पुरुष असाच विषय होता. तो लवकरच मागे पडला आणि मालिका मित्रमंडळींच्या गप्पांची झाली. नाव काही बदललं नाही. उलट दुसऱ्या सीझनपासून शीर्षकाच्या पाटीवर तेच स्वतःच्या नावाची टर उडवायला लागले.

खटकतं मला ते वेगळंच. गाण्याची एखादी गोड ओळ उचलून मालिकेवर चिकटवलेली असते. तशा पाच मालिकांची नावं आपापसात बदलली तरी कोणाच्या लक्षात येणार नाही. त्याला फसवणूक म्हणता येत नाही, आळस म्हणता येईल. ‘तुला पाहते रे’ला मात्र या यादीत घालू नका. नावावरून ती प्रेमकथा वाटते आणि पुढे पुनर्जन्म आणि सूड निघतो, पण नायिका ईशाला खरं काय ते कळल्यावर तेच तीन शब्द धमकीसारखे ऐकू येतात.

तुमची तक्रार मला पूर्ण मान्य आहे ती माहितीपर कार्यक्रमांच्या बाबतीत. नावात ‘रहस्य उलगडलं’, आणि तासभर धूसर चित्रं, घुमणारं संगीत, शेवटी निवेदक म्हणणार की सत्य काय ते काळच ठरवेल. रोजच्या मालिकेला निदान एवढी सबब आहे की नाव ठेवताना पुढचं लिहिलेलंच नव्हतं. इथे चित्रीकरण संपलेलं असतं, संकलन झालेलं असतं, हाती काहीच लागलेलं नाही हे नाव ठेवणाऱ्याला पक्कं माहीत असतं. तरीही तो तेच नाव ठेवतो.